सवलतीच्या वेळेतली आंघोळ

सकाळचे आठ वाजून त्रेपन्न मिनिटं झाली आहेत. कमरेला पंचा गुंडाळून मी गिझरच्या बटणावर बोट ठेवून उभा आहे. देवघरातून दर दोन मिनिटांनी हिचा आवाज येतो, "झाली का?" झाली का म्हणजे आंघोळ नव्हे. नऊची वेळ झाली का, असं तिला विचारायचं असतं.

त्याचं असं झालं, की आमच्याकडे टीओडी मीटर बसलं. महावितरणने १ जुलै २०२५ पासून असं मीटर असलेल्या घरगुती ग्राहकांना सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळात जाळलेल्या युनिटमागे ८० पैशांपासून एक रुपयापर्यंत सवलत दिली. दिवसा उन्हाची वीज भरपूर असते, ती तेव्हाच वापरा, असा त्यामागचा विचार. दोन हजार वॉटचा गिझर अर्धा तास चालला की एक युनिट. एका युनिटला ८० पैसे, म्हणजे महिन्याचे २४ रुपये. आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या दाते पंचांग चालायचं. आता वीज नियामक आयोगाचं चालतं.

नऊच्या ठोक्याला घरात लगीनघाई उडते. मी गिझर लावतो, ही वॉशिंग मशीन लावते, स्वयंपाकाच्या मावशी मिक्सर लावतात, आणि कुठून तरी इस्त्रीही तापायला लागते. मग खट्‌ असा आवाज होतो आणि एमसीबी पडतो. तो वर करायला स्टूल लागतं. स्टुलावर चढायला पंचा धरून ठेवणारं कुणी तरी लागतं. हे सगळं निस्तरून अंगावर पाणी पडेपर्यंत पावणेदहा होतात, आणि तोवर तीन वेळा चहा झालेला असतो. परवा हिने गॅसचं बिल पुढे टाकलं आणि विचारलं, "ते चोवीस रुपये कुठे ठेवलेत हो?"

आम्ही मूळचे सदाशिव पेठेतले. मारुंजी हे गाव मुळशी तालुक्यात आहे, एवढंच मला ठाऊक होतं. तेही मी पाटबंधारे खात्यात होतो म्हणून. मुलाची नोकरी हिंजवडीत, तेव्हा ऑफिसजवळ घर असावं म्हणून त्याने इथे चौदाव्या मजल्यावर फ्लॅट घेतला. ताबा मिळाला आणि पुढच्याच महिन्यात कंपनीने त्याला सिएटलला पाठवलं. घर त्याचं, हप्ते त्याचे, आणि राखायला आम्ही. पेठेतल्या नातेवाइकांच्या लेखी मुलगाही परदेशी गेला आणि आम्हीही. त्यातला मुलगा निदान दोन वर्षांनी येतो, असं ते म्हणतात. माझी धाकटी बहीण भेटायला निघते ती डब्यात दोन लाडू घेऊनच. ते आमच्यासाठी नसतात. लक्ष्मी चौकातल्या ट्रॅफिकमध्ये साखर उतरली तर असावेत म्हणून.

"पुण्यात पंखा लागत नाही" हे आमच्या वडिलांचं आवडतं वाक्य होतं. वाड्यात एक पंखा होता, तो पाहुण्यांसाठी. पाहुणे उठून गेले की तो बंद, मग त्यांच्या चपला अजून दारात का असेनात. मारुंजीत पश्चिमेच्या भिंतीवर एप्रिलचं ऊन पडलं, की दुपारी चारला भिंतीला पाठ टेकून शेक घेता येतो. कंबरदुखीला उत्तम. बाकी सगळ्याला वाईट. शेवटी मुलाने तिकडून एसी मागवून बसवायला लावला. मीही घराण्याची परंपरा मोडली नाही. एसी पाहुण्यांसाठी ठेवला. पण पाहुणे लक्ष्मी चौकातून परत जातात, त्याला मी काय करणार?

मुलगा मात्र हुशार. त्याने गिझरला, एसीला आणि टीव्हीला कसलेसे स्मार्ट प्लग लावलेत. सिएटलमध्ये बसून त्याला मारुंजीतलं प्रत्येक बटण दिसतं. सकाळी सातला इथे फोन वाजतो, तेव्हा तिकडे आदल्या दिवशीची संध्याकाळ असते.

"बाबा, काल गिझर एक्केचाळीस मिनिटं चालू होता."

"अरे, काल तुझ्या आईने केस धुतले."

"दोनदा?"

आता यावर बाप काय बोलणार? आमच्या वडिलांनी आम्हाला दिवे बंद करायला लावले, आता मुलगा लावतो. मधल्या मधे माझं राज्य कधी आलंच नाही.

शेजारी एक गृहस्थ आहेत. त्यांना सगळे जर्सीकर म्हणतात. न्यू जर्सीत तीस-पस्तीस वर्षं काढून ते निवृत्त झाल्यावर इथे राहायला आले. त्यांना त्यांचं आडनाव विचारलं तर तेही क्षणभर थबकतात. आले तेव्हा पहिलं वीजबिल हातात धरून ते लिफ्टमध्ये हसत होते. "अहो, अवघे सत्तावीस डॉलर! तिकडे जानेवारीत घर गरम ठेवायलाच याच्या दसपट जायचे." जे दिसेल त्याचे ते डॉलर करायचे. कोथिंबिरीची जुडी बारा सेंट. रिक्षा एक डॉलर दहा. त्यांच्यासोबत भाजी आणायला गेलं की आपण फुकटच जगतोय असं वाटायचं.

तिकडे एवढ्या वर्षांत लाइट गेली ती एकदाच, २०१२ सालच्या सँडी वादळात, हे ते ज्याला त्याला सांगायचे. इथे आल्यावर त्यांनी लाइट गेल्याची नोंद ठेवायला दोनशे पानी वही आणली. तारीख, गेल्याची वेळ, आल्याची वेळ, वादळाचं नाव, असे रकाने. चौथा रकाना रिकामाच राहायला लागला. मी सांगितलं, त्यात नुसतं "गुरुवार" लिहा. ज्येष्ठात वळवाच्या पावसाने एका संध्याकाळी नऊ नोंदी करायला लावल्या, आणि दुसऱ्या दिवशी ती वही त्यांच्या सौभाग्यवती दुधाच्या हिशेबाला वापरताना दिसल्या.

त्यांच्या घड्याळाची गोष्ट तर सांगायलाच हवी. तिकडच्या स्वयंपाकघरातलं, विजेवर चालणारं, काट्यांचं घड्याळ त्यांनी मोठ्या मायेने सोबत आणलं होतं. तिकडची वीज १२० व्होल्टची, आपली २३० ची, हे त्यांना माहीत होतं. टोस्टरने जीव देऊन ते आधीच शिकवलं होतं. म्हणून घड्याळाला त्यांनी विटेएवढा ट्रान्स्फॉर्मर लावला. घड्याळ चालू झालं, पण तासाला दहा मिनिटं मागे पडायला लागलं. तिकडची वीज सेकंदाला ६० हेलकावे घेते, आपली ५० घेते, आणि ते घड्याळ बिचारं हेलकावे मोजून चालणारं. इथल्या विजेवर त्याचा तास पन्नास मिनिटांचाच भरायचा. दिवसाला चार तास मागे. तीन दिवसांत बारा तास मागे पडलं, की काटे फिरून बरोबर जागेवर यायचे.

"दर तिसऱ्या दिवशी अगदी करेक्ट टाइम दाखवतं," जर्सीकर अभिमानाने म्हणायचे.

"आणि मध्ये लाइट गेली तर?"

"मग मात्र सांगता येत नाही."

याच जर्सीकरांनी माझ्या आयुष्यातला सर्वांत मोठा गैरसमज दूर केला. हे लिहितानाही कानशिलं गरम होतात. विजेच्या बिलात टप्पे असतात, हे आपण जाणताच. शंभर युनिटपर्यंत एक दर, १०१ ते ३०० दुसरा, ३०१ ते ५०० तिसरा, त्यावर चौथा. लग्न झाल्यापासून माझी ठाम समजूत होती, की तीनशेच्या वर एक युनिट गेलं की सगळीच्या सगळी युनिटं वरच्या दराने लागतात. गेल्या मे महिन्यात २७ तारखेला मीटर पाहिलं, तर महिन्याची २९६ युनिटं झालेली, आणि रीडिंग तीस तारखेला. मी घरात आणीबाणी पुकारली. फ्रिज तेवढा चालू, बाकी काळोख. जेवण गॅलरीत, रस्त्यावरच्या दिव्याच्या उजेडात. चौदाव्या मजल्यावर तो उजेड पोहोचत नाही, म्हणून चाळीस रुपयांच्या मेणबत्त्या आणल्या. दुसऱ्या रात्री इंटरकॉम वाजला.

"काका, वॉचमन बोलतोय. आख्ख्या बिल्डिंगीत तुमच्याच घरात अंधार हाय. सगळं बरं हाय ना?"

पाठोपाठ जर्सीकर टॉर्च घेऊन धावत आले. मी दारातच कुजबुजत टप्प्याचं गणित सांगितलं. त्यांनी माझं जुनं बिल मागितलं, टॉर्च मारली आणि शांतपणे म्हणाले, "अहो, तीनशेएकावं युनिट तेवढं महाग. पहिली तीनशे आहेत त्याच दराने राहतात. हे बघा, वेगवेगळे मांडलेत."

खरंच मांडले होते. इतकी वर्षं दर महिन्याला माझ्या हातात छापून देत होते, आणि मी फक्त तळाचा आकडा वाचत होतो.

मेणबत्तीच्या उजेडात हिचा चेहरा दिसला. ती काही बोलली नाही. बऱ्याच वेळाने म्हणाली, "म्हणजे बाळाच्या पहिल्या वाढदिवसाला साडेसातला माळा काढायला लावल्या होत्या तुम्ही." एवढं बोलून ती उठली आणि घरातले सगळे दिवे लावून आली. बाथरूममधलाही. सिएटलहून लगेच फोन आला, तो तिनेच घेतला आणि म्हणाली, "आज काही विचारू नकोस."

पाण्याचं दुःख मात्र मला कुणी समजावून द्यायला नको. सगळी नोकरी पाटबंधारे खात्यात गेली. कालवे, दारं, विसर्ग, क्युसेक यांतच केस पांढरे झाले. आणि आता मी मार्चपासून टँकरची वाट पाहतो. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला अठ्ठावीस लिटर. दहा हजार लिटरचा टँकर म्हणजे एका क्युसेकचं सहा मिनिटांचं पाणी. हे गणित मी एकदा हिला सांगितलं, ती चूकच झाली. पावसाळ्यात टीव्हीवर बातमी लागते, खडकवासल्यातून दहा हजार क्युसेकने पाणी सोडलं. ही लसूण सोलत असते. मान वर न करता म्हणते, "सेकंदाला अठ्ठावीस टँकर. चालले."

दुखणं जुनं आहे तसं. आमच्या तालुक्याचं नाव ज्या धरणाला आहे, त्या मुळशी धरणासाठी शंभर वर्षांपूर्वी गावं बुडाली. १९२१ साली सेनापती बापटांनी त्याविरुद्ध सत्याग्रह केला. धरण झालंच. मुळशीचं पाणी सह्याद्रीवरून खाली कोकणात भिऱ्याला उतरतं, तिथे वीज तयार होते, आणि ती मुंबईकडे जाते. इथे मुळशी तालुक्यात चौदाव्या मजल्यावर मी बादली घेऊन बसलेला. मुंबईचा मेव्हणा फोनवर "आमच्याकडे काही प्रॉब्लेम नाही बुवा" म्हणतो, तेव्हा हे सगळं माझ्या ओठांवर येतं. पण तो आहेराच्या बाबतीत हात सैल असलेला माणूस आहे.

टँकर भरून येतात का, ते तपासायचं काम सोसायटीने माझ्या अनुभवाकडे पाहून माझ्यावर सोपवलं. पहिल्याच दिवशी मी खुणा केलेली काठी घेऊन टँकरच्या शिडीवर चढलो. ड्रायव्हर खाली तंबाखू मळत उभा होता.

"काका, धा हजार भरल्यात. सरकारी नोकरीत व्हता काय?"

"हो. पाटबंधारे."

"मग राहू द्या मोजायचं," तो म्हणाला. "उतरा हळूच."

मी हळूच उतरलो.

आता क्लब हाउसकडे येतो. ते बिल्डरने जाहिरातीत दाखवलं होतं तसं आहे. कॅरम, चार सोफे, एक पुस्तकांचं कपाट, आणि दोन दणदणीत एसी. पहिलं वर्ष तिथे कुणी फिरकत नव्हतं. एका वैशाखात दुपारी वर्तमानपत्र वाचायला म्हणून मी गेलो, आणि लक्षात आलं की इथला एसी कॉमन मीटरवर आहे. कॉमन मीटर म्हणजे मेंटेनन्समध्ये. म्हणजे ते पैसे आपण भरलेलेच. म्हणजे वापरला नाही तर नुकसान. हा विचार मला एकट्यालाच सुचला असं वाटून मी आनंदात होतो. दुसऱ्या दिवशी गेलो तर तिथे सहाजण झोपलेले होते. आठवडाभरात सोफ्यांवर रुमाल टाकून जागा धरायला सुरुवात झाली.

घरी जी माणसं पॅसेजमधला नऊ वॉटचा दिवा जाळू देत नव्हती, ती तिथे एसी अठरावर लावून अंगावर शाल घेत. मी त्यांतलाच. यंत्र चालू केलं की मुळात चोवीसवर सुरू व्हावं असा नियम सरकारने २०२० पासून केलाय, पण रिमोट सरकारच्या हातात दिलेला नाही. पुढे लोक मोबाईल चार्जिंगला आणू लागले. मग इमर्जन्सी दिवे आले. बी विंगमधल्या एका आजोबांनी दाढीचं मशीन आणलं. एका वहिनींनी चकलीच्या भाजणीसाठी घरघंटी खाली आणता येईल का, अशी चौकशी केली. आणि एका दुपारी एक सभ्य गृहस्थ बाजारहाटाच्या ट्रॉलीत घालून इन्व्हर्टरची बॅटरी ओढत आणताना दिसले. सगळ्यांनी वर्तमानपत्रं वर धरली.

जर्सीकरांनी आपलं घड्याळ ट्रान्स्फॉर्मरसकट क्लब हाउसच्या भिंतीवर आणून लावलं. "वाचणाऱ्यांना वेळ कळावी म्हणून," ते म्हणाले. एव्हाना त्यांचं डॉलरचं गणित सुटलं होतं. कागदी बिल नको म्हटलं की दर बिलामागे १० रुपये सूट मिळते, ती त्यांनी घेतली होती. मग फायलीला लावायला हवं म्हणून तेच बिल दुकानातून दहा रुपयांत छापून आणत. तो दुकानदार काळ्यापांढऱ्या पानाचे दहा कसे घेतो, यावरून त्यांचं त्याच्याशी भांडण झालं होतं. कोथिंबीरवालीला ते आता "वीसला दोन दे" म्हणतात. बारा सेंट वगैरे काही नाही.

जूनमध्ये चेअरमननी नोटीस लावली. सोसायटीच्या कॉमन मीटरचं बिल गेल्या उन्हाळ्याच्या दुपटीला जाऊन पोहोचलं होतं. विषय : क्लब हाउसमधील वातानुकूलन व मेंटेनन्सवाढ. सभा शनिवारी, दुपारी साडेतीनला, क्लब हाउसमध्ये.

सगळे सभासद वेळेवर आले. अशी गणसंख्या सोसायटीने स्थापनेच्या दिवशीही पाहिली नव्हती. चेअरमननी घाम पुसला, दोन्ही एसी लावले आणि प्रास्ताविक केलं. मेंटेनन्स सध्या ७,२०० आहे. तो साडेसात हजारांच्या वर नेला, तर १८ टक्के जीएसटी लागू होतो. "सगळ्या रकमेवर की वरच्या तेवढ्याच रकमेवर?" असा प्रश्न मी तत्काळ उभं राहून विचारला. या विषयात माझा अभ्यास होता. यावर म्हणे कोर्टातही वाद झालेत. आमच्याकडे तो चाळीस मिनिटं चालला. पहिल्या मजल्यावरचे म्हणाले, आम्ही लिफ्ट वापरत नाही, आधी तिचे पैसे कमी करा. चौदाव्यावरचे म्हणजे मी म्हणालो, मग टाकीतलं पाणी खाली उतरतं त्याचे आम्हाला द्या. कुणी गच्चीवर सोलर बसवायचा ठराव मांडला. त्यावर गच्चीत पापड वाळवणाऱ्यांनी हरकत घेतली. बॅटरीवाले गृहस्थ म्हणाले, काही सभासद सार्वजनिक विजेचा गैरवापर करतात, हे खेदजनक आहे. ते बोलत असताना ट्रॉली त्यांच्या खुर्चीमागेच होती.

शेवटी सेक्रेटरींनी हातातल्या घड्याळाकडे पाहिलं. "मंडळी, पाच वाजले. आता वीज सवलतीची राहिली नाही. निदान ठराव होईपर्यंत तरी एसी बंद करूया."

सभेत चिडीचूप. बाहेर उन्हाचा नुसता वणवा होता. कुणीच रिमोटला हात लावेना. आणि मग मागच्या सोफ्यावरून जर्सीकर शाल सावरत उठले, त्यांनी भिंतीकडे बोट दाखवलं आणि म्हणाले, "एवढी घाई कशाला? सोसायटीच्या घड्याळात अजून सव्वातीनच वाजलेत."